दर्यादर्शन, दुसरा माळा

आमच्या बिल्डिंगचा एक किस्सा सांगून संपायच्या आत पुढचा घडलेला असतो. सोळा फ्लॅट, एक जिना, एक लिफ्ट आणि पाण्याची एकच टाकी. गावात दोन घरांच्या मधे निदान एखादा फणस असतो, चार पावलं भांडणाची जागा असते. इथे मधे फक्त भिंत, तीही बिल्डरने हात आखडून बांधलेली! शेजारी कुठली आमटी शिजतेय ते नाकाला कळतं आणि कोणाचं कोणाशी शिजत नाही ते कानाला. मग किस्से साचणार नाहीत तर काय!

बिल्डिंगचं नाव 'दर्यादर्शन'. आणि ती उभी आहे कणकवलीत. कणकवलीहून दर्या बघायचा तर आधी मालवणची एसटी पकडावी लागते. बुकिंगच्या वेळी मी बिल्डरला हे बोलून दाखवलं. तो जराही हलला नाही. "बाईंनू, गच्चीर चढा आणि मालवणच्या बाजून तोंड करा. दर्या थंयच आसा. दिसणा नाय तो काय माझो दोष?"

मी गणिताची शिक्षिका. तरी फ्लॅट घेतला!

सेक्रेटरी कशी झाले तेही सांगते. पहिल्या मीटिंगमधे सगळ्यांसाठी चहा टाकायला मी घरात गेले. ट्रे घेऊन बाहेर आले तर टाळ्या! मला वाटलं चहासाठी आहेत. "तुमचा अक्षर बरा आसा," एवढंच कारण सांगितलं गेलं. तेव्हापासून कोणाच्या गॅलरीतून कोणाच्या डोक्यावर काय पडलं याचा निवाडा माझ्याकडे असतो.

*

या सगळ्यात दुसऱ्या माळ्यावरचे बापू म्हणजे स्वतंत्र खातं.

बापू आणि काकी गावाकडचे, कणकवलीपासून अर्ध्या तासावरचे. काजूची बाग, आंब्याची कलमं, पुढे मोठं खळं. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. काकींच्या गुडघ्यांनी दगा दिला, ऑपरेशन झालं, आणि पुण्याच्या मुलाने दोघांना इथे फ्लॅट घेऊन दिला. काकी आल्या त्या राहायला. बापू आले ते पाहुणे म्हणून. "हिच्या ढोपरांका बरा वाटला की आमी घराक जातलंव," हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला दारात सांगितलं. पुढे दोन पावसाळे गेले, ढोपरांना बरं वाटलं, आणि मग खरी पंचाईत झाली. काकींना परत जायचंच नव्हतं!

गावात दिवसा दार लावायची पद्धत नसते. दार लावलं तर लोक विचारतात, कोण गेलं? त्यामुळे बापू फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून पॅसेजमधे खुर्ची घेऊन बसायचे, गावच्या पडवीत बसावं तसे. जिन्याने जो कोणी वर जाईल त्याची चौकशी. "तू कोणाचो रे? गाव खंयचो? आवशीचा म्हायार खंयचा?" कुरिअरवाला पत्ता विचारायला थांबला की स्वतःच्या आजोळचा पत्ता देऊन जायचा.

एका रविवारी तिसऱ्या माळ्यावरच्या प्राजक्ताला बघायला मुलगा येणार होता. मुलगा इंजिनिअर, पगार चांगला, घरात पोह्यांची तयारी. मंडळी लिफ्टने वर गेली, मुलगा मात्र रुबाबात जिन्याने निघाला. दुसऱ्या माळ्यावर बापू!

गाव, वाडी, आजोळ, आजीचं माहेर असं करत बापू मागे मागे गेले आणि एकदम मांडीवर थाप मारून उठले. त्या मुलाचा हात धरून स्वतःच तिसऱ्या माळ्यावर गेले आणि भरल्या हॉलमधे म्हणाले, "अरे, ह्यो तर आमच्या प्राजक्ताचो मावसभाव लागता! सख्खो नाय, पण लागता!"

पोहे थंड झाले. मंडळी उठली. प्राजक्ताचे वडील दोन दिवस बापूंशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी प्राजक्ता हळूच खाली आली. तिने बापूंच्या हातात गोड मालवणी खाज्याचा पुडा ठेवला. "बापू, पुढच्या रविवारी आणखी एक येतोय. तुम्ही दारातच बसा हां!"

*

आता काकींची बाजू.

काकी राहायला आल्या त्या आठवड्यात एकदा सकाळी माझ्याकडे आल्या. चेहरा गोंधळलेला. "बाय गो, केर काढून झालो. भांडी झाली. जेवान झाला. अजून धा वाजूक नाय. आता मी काय करू?"

मी म्हटलं, "बसा."

त्या बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्या असा बसूचा कोणी शिकवलाच नाय माका."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. गावच्या घरात पहाटे पातेरा लोटायचा, म्हणजे झाडांचा पडलेला पाला. मग खळं सारवायचं, बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी ओढायचं, चूल पेटवायची. दुपारी टेकावं तर कोणी ना कोणी थेट स्वयंपाकघरात येऊन उभं! इथे नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की गॅस. काकींनी महिन्याभरात निकाल लावून टाकला. "थंय मी घराची होतंय. हंय घर माझा आसा." घर की फ्लॅट यावर मी पेपरात पानभर लेख वाचलेत. एकातही हे वाक्य नव्हतं.

पण फ्लॅटमधली त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू कुठली? तर दारावरचं ते बघायचं भोक! "सगळा जग दिसता, आणि आपण कोणाक दिसणत नाय!"

एकदा बापू बाजारात गेलेले, म्हणून दार बंद होतं. बेल वाजली. काकींनी भोकातून बघितलं तर नणंद! सोबत मुक्कामाची पिशवी. काकी श्वास रोखून दाराआड उभ्या राहिल्या. नणंदेने पुन्हा बेल वाजवली. मग पर्समधून मोबाईल काढला.

आणि काकींचा फोन दाराआड, त्यांच्या हातातच, भजन म्हणायला लागला! मुलाने आवाज मोठा करून ठेवलेला. अख्ख्या जिन्याने ऐकलं.

काकींनी फटकन दार उघडलं आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "अगो, तुकाच फोन लावी होतंय! तुझोच आधी इलो!"

नणंद चार दिवस राहिली. जाताना सांगून गेली, "वयनी, माका पण दाराक असा भोक करून होया!"

*

लिफ्टचा किस्सा झाला तेव्हा मी स्वतः हजर होते.

आमची लिफ्ट मूडवर चालते. कोल्हापूरहून मेकॅनिक यायचा, उघडायचा, बंद करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. लिफ्ट दोन दिवस शहाण्यासारखी वागायची, मग पुन्हा अधेमधे लटकायची. शेवटी बापू मीटिंगमधे उठले. "इतके मेकॅनिक झाले. पण जाग्याक कोणी गाऱ्हाणा घातला काय? ह्या जाग्यार बिल्डिंग बांधलास, जाग्याच्या राखणदाराक इचारलास?"

आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगणं घालतात, तेच गाऱ्हाणं. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. ठरलं! मेकॅनिक आतमधे स्क्रू आवळतोय, दारात नारळ, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा!" बापूंनी आवाज लावला. "आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जी काय लिफ्ट आसा, ती वर जाताना वर आणि खाली येताना खाली येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत ठीक होतं. पण समोर अख्खी सोसायटी हात जोडून उभी, आणि मधे बोलायची कोणाची टाप नाही, हे बापूंच्या ध्यानात आलं.

"जो कोण चौथ्या माळ्यावरसून सकाळी चूळ भरून खाली टाकता, तेका बरी बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज चौथ्या माळ्यावरच्या सावंत वकिलांचा. बोलून गेल्यावर त्यांना कळलं.

"आणि ज्यांच्या टीव्हीच्या आवाजान खालच्या माणसाक झोप नाय, तेंचो टीव्ही बिघडवन टाक!"

माझ्या नवऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणताना माझ्याकडे बघितलं. बापूंच्या वरचा फ्लॅट आमचाच!

लिफ्ट त्या दिवसापासून सुरळीत चालली. मेकॅनिकचं म्हणणं त्याने केबल बदलली. चूळही बंद झाली. ती काही केबल बदलल्याने नव्हे.

*

सावंत वकिलांनी चूळ गिळली, पण डूख धरलाच होता. त्यांना संधी आली पावसाळ्यात.

पाऊस धरला की बापूंचे हात शिवशिवतात. गावची शेती वाट्याने दिलेली. इथे करायचं काय? त्यांनी गपचूप गावाहून मातीची पोती आणली, लिफ्टने गच्चीवर चढवली, पाणी जायच्या भोकांत चिंध्या कोंबल्या आणि चक्क भाताचा तरवा पेरला! म्हणजे लावणीआधीची रोपं. गच्चीवर कोणी फिरकत नव्हतं. आठवड्याभरात वर हिरवागार वाफा, खाली मऊ चिखल, आणि बापू लुंगी खोचून त्यात उभे.

एका सकाळी सावंत वकील माझ्या दारात. अंगावर चिखलाचे ठिपके. रात्रभर त्यांच्या पलंगावर गळत होतं. नोटीस, नुकसानभरपाई, पोलीस अशी सगळी कलमं एका दमात सांगून झाली. मी त्यांना घेऊन गच्चीवर गेले. आमच्यामागून अर्धी बिल्डिंग.

वकील कडाडले, "बापू, माझ्या गादीवर पाणी गळतंय!"

बापूंनी वाकून पायाने चिखल चाचपला. चेहऱ्यावर खरोखरचा आनंद. "खाली झिरपाक लागला म्हणजे जमीन भिजली, वकीलसायबांनू. आता लावणेक हरकत नाय!"

तरवा काढावा लागला. बापू दिवसभर तोंड पाडून रोपं उपटत होते. मला वाईट वाटलं, म्हणून मी मदतीला गेले. संध्याकाळी बघते तर सावंत वकील पायजमा वर करून रोपांच्या जुड्या बांधतायत! मला बघून पुटपुटले, "अहो, आमची पण शेती होती हो."

*

पण घर आणि फ्लॅट यांतला फरक आम्हा सगळ्यांना समजावला तो आमच्या वॉचमनने, तातूने.

गणपतीत मुंबईच्या सोसायट्या भरतात. आमची रिकामी होते! गणपती मूळ घरी, भावकीचा एकच. फ्लॅटमधे तो कोणी बसवत नाही. आम्ही आचऱ्याला, बापू-काकी त्यांच्या गावी, सावंत वकील सावंतवाडीकडे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सोळाही दारं बंद. आणि तातूही कोकणातलाच की! त्याने मोठ्या गेटला बाहेरून कुलूप घातलं आणि निघाला घरी.

चतुर्थीला माझे हात मोदकाच्या पिठात आणि फोन वाजला. विदर्भातून बदली होऊन आलेले, भाड्याने राहणारे खापरे साहेब. "मॅडम, मी आत आहे!"

"कशाच्या आत?"

"बिल्डिंगच्या! गेटला कुलूप आहे हो!"

मी तातूला फोन लावला. बिचारा आरती सोडून मोटरसायकलवरून आला. कुलूप काढलं. आत खापरे साहेब एकटे, हातात दुधाची रिकामी पिशवी. तातूने एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या पिशवीकडे बघितलं. मग अगदी कळवळून म्हणाला, "सायबांनू, तुमका घर नाय?"

"अरे, मी घरातच तर होतो!"

"ह्यो फ्लॅट. मी घर इचारतंय."

तातूने त्यांना मागे बसवलं आणि आपल्या घरी नेलं. विसर्जनापर्यंत साहेब तिथेच होते, आरतीला झांज वाजवत. आता त्यांची बदली नागपूरला झालीय. पण गणपतीची रजा टाकून ते तातूकडे येतात. फ्लॅटकडे फिरकतसुद्धा नाहीत!

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून हसू आवरत नाही.

त्याच गणपतीनंतर बापू परत आलेच नाहीत. विसर्जन झालं, सगळे परतले, बापूंनी खळ्यात खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, "आता मी हंयच ऱ्हवतलंय." काकी गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख सांगून एसटीने एकट्या फ्लॅटवर आल्या. डॉक्टर झाले, दसरा झाला, काकी गेल्या नाहीत. बापूंनी तिकडे भात करपवला. काकींनी इकडे दोन माणसांचं शिजवायची सवय मोडली नाही. उरलेलं मला आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "तेंका बांगड्याचा तिखला आवडता गो." दोघंही फोन मला करायचे. एकमेकांना नाही! त्या दिवसांत मला त्यांची खरंच काळजी वाटायला लागली होती. आयुष्यभराचा संसार, आणि आता या वयात दोन चुली?

शेवटी बापूंनी निरोप धाडला. "देवाक कौल लावया. देव सांगात तसा."

कौल म्हणजे ग्रामदेवतेचा निवाडा. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. त्यापुढे अपील नाही.

काकी म्हणाल्या, "चल. देव सांगात तर जातंय." मी गाडी काढली. वाटभर त्या कपड्यांची बॅग मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

देवळात बापू आधीच उभे, धुतलेलं धोतर नेसून. काकींकडे बघून त्यांनी विचारलं, "ढोपर कसा आसा?" काकी म्हणाल्या, "बरा आसा." झालं संभाषण!

गुरवाने पाकळ्या लावल्या. "बा देवा, ह्या लेकरान आपल्या घरवालीक घेवन परत आपल्या घराक येवचा काय? येवचा असात तर उजवो दी!"

आम्ही हात जोडायच्या आत उजवी पाकळी पडली. टपकन! बापूंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मी मात्र काकींकडे बघितलं. काकींनी मान खाली घातली, देवाला नमस्कार केला. मग मान वर करून गुरवाला म्हणाल्या, "आता माझो एक प्रश्न घाला."

गुरव गडबडला. "तुमचो? कसलो?"

काकी देवाकडे वळल्या. "देवा, लगीन होवन इलंय तेव्हापासून ह्या घरात राबलंय. बावीचा पाणी ओढून ओढून ढोपरां गेली. थंय फ्लॅटात मी जल्मात पयल्यांदा दुपारची पाठ टेकलंय. तू येवक सांगतंस तर येतंय, माझी ना नाय. पण हेच्यापुढे पाणी ओढूचा, पातेरो लोटूचो, खळा सारवूचा ता सगळा ह्यांनी करूचा काय, इतक्याच सांग."

गुरव म्हणाला, "काकी, असो प्रश्न आजून कोणी घालूक नाय."

"बायलमाणसाक कोणी इचारूकच नाय, तर घालतली खंयसून?"

गुरवाने निमूटपणे नव्या पाकळ्या भिजवल्या, लावल्या, प्रश्न घातला. या वेळी कुठलीच पडेना. समई तेवत होती. बापू डाव्या पाकळीकडे टक लावून, नकळत डावीकडे झुकत चालले होते. मी देवाला मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

उजवी पाकळी सरकली, जरा अडली, आणि पडली.

गुरवाने ती उचलून काकींच्या ओंजळीत ठेवली. काकींनी पदराने डोळे पुसले. बापूंनी आधी देवाकडे बघितलं. मग बाहेर खळ्यांच्या, बावींच्या दिशेने. मग काकींच्या गुडघ्यांकडे. मग त्यांनी घसा खाकरला, गुरवाच्या अगदी जवळ सरकले आणि हळूच विचारलं,

"गुरवांनू, तो पयलो कौल जरा परत लावन बघूया?"